डिस्क घ्यायची की डाउनलोड? नव्याने गेम विकत घेणाऱ्यांसाठी

माझा जुना कन्सोल बंद पडला तेव्हा मी नवीन घेतला. दोन मॉडेलपैकी डिस्क ड्राइव्ह नसलेलं मॉडेल स्वस्त होतं, तेच उचललं. कपाटात सव्वीस गेमच्या डिस्क होत्या. ते सगळे गेम मी माझ्याच खात्यावरून वर्षानुवर्षं खेळलो होतो, त्यांच्या ट्रॉफी माझ्या नावावर दिसत होत्या. त्यामुळे नव्या कन्सोलवर त्याच खात्याने लॉग इन केलं की गेम आपोआप येतील असं मी धरून चाललो होतो. एकही आला नाही. डिस्कवर घेतलेला गेम खात्याला जोडलेला नसतो, तो डिस्कबरोबरच राहतो. शेवटी त्यातले चार आवडते गेम मी पुन्हा पैसे भरून घेतले.

तेव्हापासून कुठलाही गेम घेण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा गेम सुरू करायची किल्ली कोणाच्या हातात असणार आहे? माझ्या हातातल्या डिस्कमध्ये, दुकानाच्या सर्व्हरवर, की दोन्हीकडे थोडी थोडी? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहेत. "डिस्कच चांगली" किंवा "आता डिजिटलचा जमाना आहे" असं सरसकट कोणी सांगितलं तर ऐकू नका. एकाच माणसासाठी एक गेम डिस्कवर घेणं शहाणपणाचं असतं आणि दुसरा डाउनलोड करणं.

आधी हे हाताशी ठेवा

- कन्सोलच्या मॉडेलचं पूर्ण नाव (नुसतं "पीएस५", म्हणजे प्लेस्टेशन ५, किंवा "एक्सबॉक्स" पुरत नाही)
- त्यात आत्ता किती जीबी जागा मोकळी आहे तो आकडा
- इंटरनेटचा खरा वेग, आणि महिन्याच्या डेटाला मर्यादा असेल तर ती किती
- तुमच्या खात्यावर कोणता देश नोंदवलेला आहे
- खात्याचा ईमेल, पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचे बॅकअप कोड, कागदावर लिहून
- पुढच्या वर्षभरात खेळायच्या गेमची यादी, आणि प्रत्येकासमोर: एकट्याने, घरच्यांबरोबर की ऑनलाइन

शेवटची यादी करायचा कंटाळा येतो, पण पाचव्या पायरीला तीच उपयोगी पडते.

१. गेमच्या आधी कन्सोल ठरवा

डिस्क की डिजिटल हा निर्णय बरेचदा कन्सोल घेतानाच होऊन जातो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

२०२० साली आलेल्या पहिल्या पीएस५ च्या डिजिटल आवृत्तीला डिस्क ड्राइव्ह नाही आणि नंतर लावताही येत नाही. २०२३ च्या अखेरीस आलेल्या सडपातळ मॉडेलला ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन जोडता येतो. २०२४ चा पीएस५ प्रो तर ड्राइव्हशिवायच येतो, हवा असेल तर तो वेगळा घ्यावा लागतो. असा वेगळा ड्राइव्ह जोडताना पहिल्यांदा इंटरनेट लागतं, कारण तो त्या कन्सोलशी ऑनलाइन नोंदवला जातो. एक्सबॉक्स सीरीज एस ला ड्राइव्ह नाही आणि यूएसबीने बाहेरून जोडलेला ड्राइव्ह त्यावर गेम चालवत नाही. सीरीज एक्स ड्राइव्हसकट येतो, पण २०२४ पासून त्याचीही एक ड्राइव्ह नसलेली आवृत्ती निघाली आहे. खोक्यावरचं चित्र नीट पाहा, रंगावरून अंदाज बांधू नका. निन्टेन्डो स्विच आणि स्विच २ या दोन्हींत कार्डाची खाच आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही.

सापळा: पीएस४ च्या काही गेमची पीएस५ आवृत्ती फुकट किंवा थोडक्या पैशांत मिळते. तुमचा पीएस४ चा गेम डिस्कवर असेल तर ती सवलत घ्यायला आणि नंतर दर वेळी खेळायलाही ती डिस्क ड्राइव्हमध्ये असावी लागते. ड्राइव्ह नसलेला पीएस५ घेतला की ती सवलत गेली.

माझं स्पष्ट मत: आधीच्या पिढीच्या दहा-बारा डिस्क जरी घरात असल्या तरी ड्राइव्ह असलेला किंवा नंतर जोडता येणारा कन्सोलच घ्या.

२. खोक्यात खरोखर काय आहे ते तपासा

नवे लोक सर्वांत जास्त इथेच फसतात, म्हणून यावर थोडा वेळ घालवू या.

पूर्वी कार्ट्रिज किंवा डिस्क म्हणजे अख्खा गेम असायचा. आता खोक्यात पाच वेगवेगळ्या गोष्टी निघू शकतात.

पहिली, पूर्ण गेम असलेली डिस्क किंवा कार्ड. इंटरनेट नसतानाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता येतो. मात्र पीएस५ किंवा एक्सबॉक्सवर डिस्कवरचा गेम आधी कन्सोलच्या एसएसडीवर (आतल्या साठवणुकीवर) कॉपी होतो आणि खेळताना डिस्क आत असावीच लागते. म्हणजे डिस्क घेतल्याने कन्सोलमधली जागा वाचत नाही. वाचतो तो डाउनलोड.

दुसरी, एकापेक्षा जास्त डिस्क. साधी ड्युअल लेयर ब्लू-रे ५० जीबी धरते, अल्ट्रा एचडी ब्लू-रे १०० जीबीपर्यंत. त्यात न मावणारे गेम दोन डिस्कवर येतात. उदाहरणार्थ, २०२४ चा फायनल फँटसी ७ रीबर्थ: एक डिस्क फक्त कॉपी करायला, दुसरी खेळायला. सेकंडहँड घेताना दोन्ही आहेत ना, ते बघा.

तिसरी, अर्धवट डिस्क. काही भाग डिस्कवर, बाकीचा डाउनलोड करायचा. याचं टोकाचं उदाहरण २०२२ चा कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २. त्याच्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास डेटा होता आणि बाकी सगळा गेम इंटरनेटवरून उतरवावा लागत होता.

चौथी, स्विच २ बरोबर २०२५ मध्ये आलेलं गेम-की कार्ड. हे कार्ड दिसायला नेहमीसारखंच, पण त्यावर गेम नसतो, फक्त परवानगी असते. पहिल्यांदा गेम पूर्ण डाउनलोड करायचा आणि पुढे प्रत्येक वेळी कार्ड खाचेत ठेवून खेळायचं. एक बरं आहे की हे कार्ड खात्याला बांधलेलं नसतं, त्यामुळे उसनं देता येतं, विकताही येतं. पण ज्या दिवशी तो डाउनलोड बंद होईल त्या दिवसापासून, ज्यांनी गेम आधीच उतरवलेला नाही त्यांच्यासाठी, ते नुसतं प्लास्टिक. कव्हरच्या पुढच्या बाजूला खाली किल्लीचं चिन्ह आणि सूचना छापलेली असते, ती वाचा.

पाचवी, नुसता कोड. खोकं उघडलं की आत एक चिठ्ठी. कोड एकदा टाकला की तो त्या खात्याचा झाला. असं खोकं सेकंडहँड कधीही घेऊ नका.

माझा क्रम असा: कव्हरच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचतो, "डाउनलोड आवश्यक" किंवा किती जीबी जागा लागेल ते बघतो. मग "डज इट प्ले" नावाच्या हौशी लोकांच्या उपक्रमाची नोंद शोधतो. हे लोक डिस्क इंटरनेटशिवाय लावून गेम शेवटपर्यंत चालतो का ते तपासतात आणि निकाल सगळ्यांसाठी मांडतात. पाच मिनिटांचं काम आहे, आणि या एका सवयीने माझे जितके पैसे वाचले तितके कुठल्याच सेलने वाचवले नसतील.

३. डिजिटल म्हणजे तुम्ही काय विकत घेता ते समजून घ्या

"विकत घ्या" असं बटणावर लिहिलेलं असलं तरी डिजिटल दुकानात तुम्हाला मिळतो तो वापराचा परवाना. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर तसा कायदाच केला: १ जानेवारी २०२५ पासून असा परवाना विकणाऱ्या दुकानाने ते ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवं. पीसी गेमच्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने त्याआधीच, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ दाखवायला सुरुवात केली.

आता हा परवाना कधी अडतो? तीन वेगळ्या गोष्टींची लोक गल्लत करतात.

विक्री बंद होणं: गेम दुकानातून काढला जातो, पण आधी घेतलेल्यांना बहुधा पुन्हा डाउनलोड करता येतो. स्कॉट पिलग्रिमचा गेम २०१० साली फक्त डिजिटल आला, २०१४ च्या शेवटी दुकानातून गेला आणि थेट २०२१ मध्ये परतला. मधल्या सहा वर्षांत नव्याने घेऊ म्हणणाऱ्याला रीतसर मार्गच नव्हता.

दुकान बंद होणं: निन्टेन्डोच्या 'वी' या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं, त्यांच्याच 'वी यू' आणि '३डीएस' या कन्सोलवरची खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली, एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला. वी यू, ३डीएस आणि ३६० वर आधी घेतलेले गेम त्यानंतरही उतरवता येत राहिले. तरीही ज्या कन्सोलचं दुकान बंद झालंय तिथले घेतलेले गेम मी लगेच उतरवून ठेवतो. ती सोय कायमची आहे असं समजू नये.

सर्व्हर बंद होणं: इथे डिस्कही वाचवत नाही. 'द क्रू' हा २०१४ चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम सतत इंटरनेटवर अवलंबून होता. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि डिस्क घेतलेले, डाउनलोड केलेले, सगळेच सारखे अडले. त्यातूनच "स्टॉप किलिंग गेम्स" ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिला दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. मला ही मोहीम मनापासून पटते. पैसे घेऊन दिलेला गेम नंतरही खेळता येईल अशा स्थितीत ठेवणं एवढीच तिची मागणी आहे.

जुने गेम नाहीसे होतात ही नुसती हळहळ नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. तुम्हाला एखादा गेम दहा वर्षांनी मुलांना दाखवावासा वाटेल अशी खात्री असेल, तर तो पूर्ण डिस्कवर मिळतो का ते आधी बघा.

४. इंटरनेट आणि जागेचा हिशोब मांडा

१०० जीबीचा गेम, इंटरनेट ५० एमबीपीएस: साधारण साडेचार तास. १० एमबीपीएस: बावीस तासांहून जास्त. हा हिशोब वेग सतत पूर्ण मिळाला तरचा आहे, प्रत्यक्षात याहून वेळ लागतो. महिन्याला डेटाची मर्यादा असेल तर दोन मोठ्या गेममध्ये ती संपू शकते.

जागेचंही तसंच. पहिल्या पीएस५ वर ८२५ जीबी लिहिलेलं असलं तरी वापरायला मिळतात सुमारे ६६७. सीरीज एस च्या ५१२ जीबीतले सुमारे ३६४. मूळ स्विचमध्ये एकूण ३२ जीबीच. त्यामुळे त्यावर डिजिटल घ्यायचं ठरवलं तर मेमरी कार्डाचे पैसे गेमच्या किमतीत धरा. स्विच २ ला साधं मायक्रोएसडी गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्स्प्रेस लागतं. घरात पडलेलं जुनं कार्ड उपयोगी पडेल असं धरून चालू नका.

इंटरनेट मंद असेल तर डिस्क घ्या, पण दुसरी पायरी करून मगच. अर्धवट डिस्क घेतली तर दोन्हीकडून तोटा.

५. कोण खेळणार, गेमचं पुढे काय होणार

आता ती यादी काढा.

एकदा खेळून संपणारा, कथेचा गेम असेल तर डिस्क. संपल्यावर विकता येते, मित्राला देता येते. हा हक्क आपल्याला गृहीत वाटतो, पण २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनच्या वेळी वापरलेल्या गेमवर बंधनं आणि दर २४ तासांनी ऑनलाइन तपासणी, असं जाहीर झालं होतं. लोकांनी इतका विरोध केला की १९ जूनला ते मागे घेतलं गेलं.

रोज थोडा वेळ खेळायचा, वर्षानुवर्षं चालणारा ऑनलाइन गेम असेल तर डिजिटल. सर्व्हर बंद झाला तर डिस्क तशीही कामाची नाही, आणि रोज डिस्क बदलण्याचा त्रास कशाला?

घरात दोन कन्सोल असतील तर डिजिटलचा फायदा होतो. पीएस५ वर "कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले", एक्सबॉक्सवर "होम एक्सबॉक्स" ही सेटिंग एका कन्सोलवर चालू ठेवली की त्या कन्सोलवरची बाकी खातीही तुमचे गेम खेळू शकतात. एक्सबॉक्सवर हा होम कन्सोल वर्षातून पाचदाच बदलता येतो, म्हणून उगाच खेळ करू नका. स्टीमवर एका घरातले सहा जणांपर्यंत लोक कुटुंब गट करून गेम वाटून घेऊ शकतात, पण एका प्रतीवर एका वेळी एकच जण.

मुलं लहान असतील आणि गेम हातात, खिशात, दप्तरात फिरणार असतील तर स्विचची चिमुकली कार्डं हरवतात. स्विचचं कार्ड तोंडात घातलं तर भयंकर कडू लागतं. गिळलं जाऊ नये म्हणून त्याला मुद्दाम डेनाटोनियम बेंझोएट लावलेलं असतं. हरवण्यावर मात्र असा इलाज नाही.

६. सेकंडहँड डिस्क घेताना

डिस्कची खालची बाजू उजेडात तिरकी धरून पाहा. ब्लू-रेवर माहितीचा थर याच बाजूच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो आणि त्यावर कठीण लेप असतो. म्हणून हलके ओरखडे चालतात, पण खोल चर असेल तर घेऊ नका. जुन्या सीडीसारखी ती घासून नीट करता येत नाही.

डिस्क कोणत्या प्रदेशासाठी छापलेली आहे ते विचारा. पीएस५, एक्सबॉक्स सीरीज आणि स्विचवर दुसऱ्या प्रदेशाची डिस्क सहसा चालते. घोडं अडतं ते वेगळे डाउनलोड करायच्या जादा भागांवर, म्हणजे डीएलसीवर: डीएलसी घ्यायला खात्याचा प्रदेश आणि डिस्कचा प्रदेश जुळावा लागतो. मूळ गेम चालू झाला म्हणून खूश होऊन तुम्ही डीएलसी घ्याल आणि तो जोडलाच जाणार नाही.

"डिलक्स" आवृत्ती सेकंडहँड असेल तर तिच्यातले जादा कोड वापरले गेलेत असंच समजा आणि साध्या आवृत्तीचीच किंमत द्या. गेम बॉय या निन्टेन्डोच्या जुन्या हातातल्या कन्सोलच्या काळातली कार्ट्रिज घेत असाल तर लक्षात ठेवा की अनेकांत सेव्ह टिकवण्यासाठी छोटी बॅटरी असते. ती संपली की गेम चालतो, पण सेव्ह राहत नाही.

७. डिजिटल घेताना

पैसे परत मिळण्याचे नियम आधी वाचा, दुकानागणिक ते फार वेगळे आहेत. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर परतावा मिळतो. प्लेस्टेशनच्या दुकानात १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलेला नसावा. आणि खरेदी केल्याबरोबर डाउनलोड आपोआप सुरू होऊ शकतो! म्हणून मनात शंका असेल तर आपोआप डाउनलोडची सेटिंग आधी बंद करा. निन्टेन्डोच्या दुकानात खरेदी झाली की सहसा परतावा नाही.

खात्यावरचा देश स्वस्ताईसाठी बदलू नका. वॉलेटमधले पैसे, भेट कार्डं, डीएलसी, सगळं त्या देशाशी बांधलेलं असतं.

वर्गणीत (सबस्क्रिप्शनमध्ये) मिळालेले गेम विकत घेतलेल्यांत मोजू नका. वर्गणी संपली किंवा तो गेम यादीतून काढला गेला की तो बंद. आवडलेला गेम यादीतून जाण्याआधी वेगळा घ्यावा.

पीसीवर तर निवड जवळपास संपलीच आहे. २००४ मध्ये हाफ-लाइफ २ खोक्यात आला तेव्हाच त्याला स्टीमचं खातं लागायचं. आजच्या पीसी गेमच्या खोक्यात बहुतेक वेळा कोडच असतो. पीसीवर हातात राहील असा गेम हवा असेल तर जीओजी नावाचं ऑनलाइन दुकान बघा. तिथल्या गेमना कुलूप नसतं, इंस्टॉलर उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो. पण तो उतरवून ठेवायचं काम तुमचं. नुसता लायब्ररीत दिसतोय म्हणजे जपला गेला, असं होत नाही.

८. खातं सांभाळा

डिजिटल गेमची किल्ली म्हणजे तुमचं खातं, आणि ते गेलं तर सगळी लायब्ररी एकदम जाते. माझा फोन हरवला तेव्हा दुहेरी पडताळणीचे कोड त्या फोनवरच येत होते. बॅकअप कोड मी कुठेच लिहून ठेवले नव्हते. खातं परत मिळायला तीन आठवडे लागले. नेमका कन्सोलही त्याच सुमारास पुसून नव्याने सेट केलेला, त्यामुळे एकही डिजिटल गेम उघडत नव्हता. डिस्क मात्र नुसत्या स्थानिक प्रोफाइलवर चालत होत्या.

म्हणून आजच हे करा: बॅकअप कोड छापून घ्या, प्रत्येक खरेदीची ईमेल पावती एका फोल्डरमध्ये ठेवा, खात्याचा ईमेल नोकरीच्या ठिकाणचा नको, स्वतःचा ठेवा. घरातलं मुख्य कन्सोल म्हणून तुमचा कन्सोल नोंदवलाय का तेही तपासा, नाहीतर इंटरनेट गेलं की घेतलेला गेमही उघडणार नाही.

सेव्ह फाइल वेगळीच गोष्ट आहे. डिस्क विकली तरी सेव्ह कन्सोलमध्येच राहते आणि तोच गेम, त्याच प्रदेशाचा, नंतर डिजिटल घेतला तर बहुधा तिथून पुढे खेळता येतो. क्लाउडवर सेव्ह ठेवायला प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोवर वर्गणी लागते, एक्सबॉक्सवर लागत नाही.

९. डिस्क आणि कार्डं नीट ठेवा

कडेने धरा. पुसायची तर मऊ कोरड्या कापडाने मध्यापासून बाहेर सरळ, गोल गोल नको. खोक्यात उभी ठेवा, ऊन आणि ओल यांपासून लांब. डिस्क फिरत असताना कन्सोल उचलू किंवा आडवा-उभा करू नका, माझ्या एका डिस्कवर त्यानेच गोल चर पडली. आणि सगळ्या डिस्कची एक यादी फोनवर ठेवा, कोणाला कोणती उसनी दिली त्या तारखेसकट.